सायनसच्या दुर्बीण शस्त्रक्रियेनंतरची 12 वर्षं: एका रुग्णाची नोंद

दुर्बीण उजव्या नाकपुडीतून आत गेली आणि पडद्यावर जे दिसलं ते मी बाईंनाही बघायला लावलं. गालाच्या हाडातल्या सायनसला, म्हणजे तिथल्या हवेच्या पोकळीला, मागच्या बाजूने एक गोल भोक होतं, आधीच्या ऑपरेशनमध्ये पाडलेलं. त्याच्या पुढून, एका पातळ हाडाच्या पट्टीआडून, पांढरट चिकट स्राव हळूहळू सरकत बाहेर येत होता, त्या भोकाच्या कडेशी पोहोचत होता आणि तिथून पुन्हा सायनसच्या आत उतरत होता. जो प्रवाह घशाकडे जाऊन संपायला हवा, तो एकाच जागी गोल फिरत होता. बाई दोन मिनिटं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं हेच चाललंय?"

हे 2011 सालचं. बाई तेव्हा 41 वर्षांच्या होत्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवत. त्यांच्या परवानगीने ही नोंद लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी ही नोंद इतकी लांबवर, 2023 पर्यंत, लिहू शकते याचं श्रेय बाईंना आहे. सायनसचं ऑपरेशन झालेले बहुतेक रुग्ण बरं वाटलं की येणं थांबवतात. नाही वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. दोन्ही वेळा पुढे काय झालं ते ऑपरेशन करणाऱ्याला कळत नाही. बाई मध्ये दोनेक वर्षं सोडल्या तर येत राहिल्या.

त्यांचा त्रास 2004 पासूनचा. आधी सतत सर्दी, मग नाक दोन्हीकडून बंद, घशात उतरणारा कफ, गालावर आणि डोळ्यांमध्ये दाब. वयाच्या 36व्या वर्षी दमा सुरू झाला. वास कधी गेला ते त्यांना नेमकं सांगता येत नव्हतं, पण गेला हे कसं कळलं ते त्यांनी फार नेमकं सांगितलं. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडली की नाकाला झोंबायचं, डोळ्यांत पाणी यायचं, त्यामुळे आपलं नाक शाबूत आहे असं त्यांना वाटत होतं. एकदा मुलांनी एस्टर तयार केलं. सगळा वर्ग "केळ्याचा वास, केळ्याचा वास" म्हणून ओरडला आणि त्यांना काहीच आलं नाही. अमोनियाचं झोंबणं हे वास घेणाऱ्या मज्जातंतूचं काम नाही, चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचं आहे. हा फरक त्यांनी स्वतःच वाचून शोधला होता. मला तो प्रसंग पुढे अनेकदा आठवला, कारण या सगळ्या प्रकरणात खरी बातमी दर वेळी वासानेच दिली.

2009 मध्ये दुसरीकडे त्यांचं दुर्बिणीने ऑपरेशन झालं. तीन महिने नाक मोकळं राहिलं आणि मग सगळं जिथल्या तिथे आलं. पुढची दोन वर्षं अँटिबायोटिकचे कोर्स, एक झाला की दुसरा. "तुमच्या सायनसची प्रकृतीच तशी आहे" असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

आधी रोग कोणता ते पक्कं करावं लागतं. 12 आठवडे किंवा जास्त काळ टिकलेली लक्षणं, त्यात नाक बंद असणं किंवा नाकातून स्राव येणं यापैकी एक तरी हवं, जोडीला चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी होणं, आणि दुर्बिणीत किंवा सी.टी. स्कॅनमध्ये त्याचा पुरावा. एवढं असेल तरच त्याला जुनाट सायनसायटिस म्हणायचं. नुसत्या डोकेदुखीला सायनस म्हणून ऑपरेशनपर्यंत नेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बाईंच्या बाबतीत शंका नव्हती. दोन्ही बाजूंना पॉलिप होते, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे लोंबते गोळे, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओलसर. सी.टी. स्कॅनला लुंड-मॅके पद्धतीने 24 पैकी 18 गुण पडले (इथे जास्त गुण म्हणजे जास्त आजार). रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला 640 होत्या, म्हणजे बऱ्याच वाढलेल्या. अ‍ॅस्पिरिन किंवा तशा वेदनाशामक गोळीने कधी दमा उसळला का, हे खोदून विचारलं. दमा, पॉलिप आणि अ‍ॅस्पिरिनचं वावडं हे तिन्ही एकत्र असलं की पॉलिप फार हट्टाने परत येतात. बाईंना तसं काही नव्हतं.

आणखी एक मोजमाप केलं, ज्याच्याकडे पुढे पुन्हा पुन्हा यायचं आहे. स्नॉट-22 नावाची प्रश्नावली असते. 22 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 110. नाक बंद असण्यापासून झोप, थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, सगळं त्यात येतं. 8.9 गुणांपेक्षा जास्त फरक पडला तर तो रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतका मानतात. बाईंचे 61 गुण होते.

आता त्या फिरत्या स्रावाबद्दल. सायनसच्या आतल्या अस्तरावर सिलिया असतात, डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि वरचा चिकट थर पुढे ढकलत नेतात. गालाच्या सायनसमध्ये हा प्रवाह तळातून सुरू होतो, सगळ्या भिंतींवरून वर चढतो आणि वरच्या बाजूच्या नैसर्गिक छिद्राकडे जातो. गुरुत्वाकर्षणाच्या उलट. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी हे वर्षानुवर्षं पाहून नोंदवलं, आणि त्यांच्या लक्षात आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सायनसला दुसरीकडे कितीही मोठी खिडकी पाडली तरी सिलिया आपली वाट सोडत नाहीत. खिडकी ओलांडून, तिला वळसा घालून, स्राव नैसर्गिक छिद्राकडेच जातो. त्याआधीचं जवळजवळ शतक गालाच्या सायनसवरच्या ऑपरेशनचा विचार साध्या नळकामासारखा होता. 1893 मध्ये कॉल्डवेल आणि 1897 मध्ये लुक यांनी सांगितलेल्या शस्त्रक्रियेत ओठाखालून सायनस उघडत, आतलं अस्तर खरवडून काढत आणि नाकाच्या तळाशी निचऱ्याला भोक पाडत. खाली भोक असेल तर पाणी खाली जाईल, हा त्यामागचा विचार. सायनस मात्र पाण्याच्या टाकीसारखा वागत नाही. 1985 मध्ये डेव्हिड केनेडी यांनी दुर्बिणीच्या या नव्या पद्धतीला ज्या नावाने ओळख दिली त्यात 'फंक्शनल' हा शब्द आहे तो याच कारणाने: अस्तर राखायचं, नैसर्गिक वाट मोकळी करायची, बाकी काम सिलियांवर सोडायचं.

बाईंच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये दुर्बीण आधुनिक होती, पण भोक चुकीच्या जागी होतं. नैसर्गिक छिद्राच्या पुढे अनसिनेट नावाची कोयत्याच्या आकाराची हाडाची पातळ पट्टी असते. ती पूर्ण काढली नाही तर छिद्र तिच्याआड लपून राहतं. शल्यविशारदाला मागे एक पातळ पडद्यासारखा भाग लागतो, तो सहज उघडतो आणि सायनस उघडल्यासारखा वाटतो. नैसर्गिक छिद्र पुढे, नवं भोक मागे, मध्ये अस्तराचा पूल. स्राव पुढून बाहेर येतो, मागून आत जातो. जंतू, सूज, पू, सगळं त्या फेऱ्यात अडकतं. ही चूक दुर्मीळ नाही, आणि हलगर्जीपणा असेलच असंही नाही. पॉलिप आणि रक्तस्राव यांच्या गर्दीत ते छिद्र 0 अंशाच्या सरळ दुर्बिणीतून दिसतच नाही, वाकडं बघणारी 30 किंवा 45 अंशांची लागते.

मी बाईंना सांगितलं की तुमच्या नाकात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. एक वाहतुकीची. ती नीट दुरुस्त झाली तर कायमची जाईल. दुसरी अस्तराची. तुमच्या अस्तराला इओसिनोफिलची सूज आहे, दमा हे तिचंच फुप्फुसातलं रूप आहे, आणि ती सुरीने जाणार नाही. ऑपरेशनने तिथे औषध पोहोचायची वाट होईल. त्यांनी विचारलं, "मग पॉलिप पुन्हा येणार नाहीत?" मी म्हणाले, "येऊ शकतात. किती वर्षांनी ते तुमच्या-माझ्या हातात काही प्रमाणात आहे." हे वाक्य तेव्हा मी पुरेशा गांभीर्याने म्हटलं होतं का, याचा पुढे मला विचार करावा लागला.

धोकेही सांगितले. सायनसच्या एका बाजूला डोळा आणि वर मेंदू, मध्ये काही ठिकाणी कागदाइतकं हाड. पुढे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 62,823 रुग्णांच्या पाहणीत मोठ्या गुंतागुंती एकूण 1 टक्का होत्या. मेंदूभोवतालचा द्रव गळणं 0.17 टक्के, डोळ्याच्या खोबणीला इजा 0.07 टक्के, उरलेला बहुतेक वाटा मोठ्या रक्तस्रावाचा. आकडे लहान आहेत, पण ज्या एका माणसाच्या बाबतीत ते घडतं त्याला टक्केवारीचा दिलासा नसतो. दुसऱ्यांदा ऑपरेशन करताना ओळखीच्या खुणा आधीच गेलेल्या असतात, म्हणून मी सी.टी. स्कॅनच्या आधाराने दिशा दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा वापरली.

ऑपरेशन अडीच तास चाललं. डोकं थोडं उंचावर, भूल शिरेतून, त्यामुळे रक्त कमी. अनसिनेटचा राहिलेला भाग काढला, नैसर्गिक छिद्र सापडलं, आणि ते व मागचं भोक यांच्यातला पूल कापून दोन्ही एक केले. दुसऱ्या बाजूलाही तेच. डोळ्यांच्या मधले एथमॉइडचे कप्पे पुढून मागे कवटीच्या तळापर्यंत उघडले, मागचा स्फेनॉइड उघडला, पॉलिप काढले. कपाळाच्या सायनसची वाट साफ केली, मात्र तिचं तोंड रुंद केलं नाही. तिथे अस्तर दुखावलं तर वण धरून वाट आणखी आवळते, आणि माझ्या पहिल्या खेपेला आवर घालावा असं मला वाटलं. हा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन, जरी पुढे त्याची किंमत काही अंशी द्यावी लागली. काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत इओसिनोफिल भरपूर होते, सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात 10 या मर्यादेच्या कितीतरी वर.

पुढचे सहा आठवडे रुग्णाला ऑपरेशनपेक्षा जड जातात. नाकात खपल्या धरतात, वास घाण येतो (ज्यांना येतो त्यांना), दर एक-दोन आठवड्यांनी दुर्बिणीखाली खपल्या काढाव्या लागतात. आणि दिवसातून दोन वेळा 240 मिलीलिटरच्या बाटलीने मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, थेट नळाचं कधीच नाही. त्यात क्वचित एक अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूत शिरला तर जवळजवळ नेहमीच जीव घेतो. बाईंनी हे शास्त्राच्या शिस्तीने केलं. मिठाचं प्रमाण त्या तराजूवर तोलत.

पाचव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. प्रयोगशाळेतल्या कपाटाचं दार उघडल्यावर वास आला होता. कशाचा ते ओळखता आलं नव्हतं, पण वास होता. तीन महिन्यांनी स्नॉट-22 चे गुण 61 वरून 18 वर आले. वर्षाने 16. दम्याचा पंप वापरायची वेळ कमी झाली. दुर्बिणीतून गालाच्या सायनसचा तळ सरळ दिसत होता आणि स्राव वर चढून मोठ्या छिद्रातून बाहेर पडून घशाकडे निघून जात होता. तीन वर्षांनी, 2014 मध्ये, गुण 17.

त्या 2014 च्या भेटीत मी चूक केली. दुर्बीण बाहेर काढली आणि म्हणाले, "आता सगळं ठीक आहे. वर्षातून एकदा या." माझ्या मनात त्याचा अर्थ होता की जे करताय ते उत्तम चाललं आहे. बाईंनी ऐकलं ते असं की आजार गेला. नाक धुणं त्यांनी पुढच्या काही आठवड्यांत सोडलं, नाकातला औषधाचा स्प्रे त्यानंतर. वर्षाने आल्या नाहीत. दोन वर्षांनी आल्या. त्यांच्या ऊतींचा अहवाल माझ्याकडे होता, दमा मला ठाऊक होता. पॉलिप परत येण्याची शक्यता कुणाची जास्त असते हे मला माहीत असताना मी त्यांना तसंच सोडलं. त्यानंतर मी अशा रुग्णांना "ठीक आहे" एवढंच म्हणून पाठवत नाही. कागदावर लिहून देते: नाक मोकळं आहे, आजार आहे, धुणं चालू ठेवा.

2016 मध्ये बाई आल्या त्या तक्रार घेऊन नव्हे, तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रसंगामुळे. गॅसची नळी सैल राहिली होती, मुलांना वास आला, त्यांना नाही. नाक मोकळं होतं. झोप चांगली होती. चेहरा दुखत नव्हता. स्नॉट-22 चे गुण 24.

या आकड्यावर थांबायला हवं. 17 वरून 24 म्हणजे 7 गुणांची वाढ, जाणवण्याच्या 8.9 या मर्यादेच्या आत. म्हणजे मोजमापाच्या हिशेबाने बाईंमध्ये काही बदल नाही. प्रत्यक्षात वासाच्या एका प्रश्नाचे गुण 0 वरून 4 झाले होते आणि दुर्बिणीत वासाच्या फटीजवळ, म्हणजे नाकाच्या छतापाशी जिथे वास कळतो तिथे, दोन्हीकडे पॉलिप होते. 22 प्रश्नांत वासाला एकच प्रश्न आहे. वास संपूर्ण गेला तरी 110 पैकी 5 गुणच वाढतात. माझ्या मते दूरच्या परिणामांचे आकडे वाचताना ही गोष्ट सतत डोक्यात असावी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2000-2001 च्या सुमारास सायनसचं ऑपरेशन झालेल्या 3,128 रुग्णांचा पाठपुरावा हा या विषयातला मोठा आधार आहे. ऑपरेशनआधी त्यांची स्नॉट-22 ची सरासरी सुमारे 42 होती, तीन महिन्यांनी 25.5, पाच वर्षांनी 28.2. म्हणजे मिळालेला फायदा पाच वर्षं जवळजवळ तसाच टिकला. त्याच पाच वर्षांत 19.1 टक्के रुग्णांचं पुन्हा ऑपरेशन झालं, पॉलिप असलेल्यांत 20.6 टक्के आणि नसलेल्यांत 15.5 टक्के. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं ऐकून रुग्ण खूश होतो, दुसरं ऐकून घाबरतो, आणि डॉक्टरच्या मनात असेल त्याप्रमाणे यांतलं एकच सांगितलं जातं. शिवाय पाच वर्षांनी उत्तर देणारे मूळच्यांपैकी जवळपास निम्मेच होते.

त्याहून लांबचं पाहायचं तर बेल्जियममधल्या घेंटचा 2019 सालचा अभ्यास आहे. पॉलिपसाठी ऑपरेशन झालेल्या 38 जणांना 12 वर्षांनी परत तपासलं. 30 जणांना पॉलिप परत आले होते. 14 जणांचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. आणि तरीही लक्षणं ऑपरेशनआधीच्या तुलनेत कमीच होती. लहान अभ्यास आहे, पण पॉलिपच्या रुग्णाशी बोलताना मला तो सगळ्यांत उपयोगी पडतो. चारांतल्या तिघांहून जास्त जणांना पॉलिप येतात, तिघांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांना पुन्हा ऑपरेशन लागतं. म्हणजे पॉलिप परत आले याचा अर्थ ऑपरेशन लागेलच असा नाही.

बाईंना 2016 मध्ये लागलं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा दोन आठवड्यांचा एक कोर्स दिला, आणि धुण्याच्या पाण्यात ब्युडेसोनाइड घालायला सांगितलं. दम्यासाठी श्वासातून घ्यायचं हे औषध नाक धुण्याच्या पाण्यात घालणं हा त्याच्या मूळ परवान्याबाहेरचा, पण बराच रुळलेला वापर आहे. इथे 2011 च्या ऑपरेशनचं खरं मोल दिसलं. न उघडलेल्या सायनसमध्ये असं पाणी फारसं शिरत नाही. उघडलेल्यात ते एथमॉइडच्या छतापर्यंत पोहोचतं. तीन महिन्यांत पॉलिप आकसले, वास अर्धामुर्धा परतला. एस्टर ओळखता येई, फुलं नाही.

पुढची तीनेक वर्षं अशीच गेली, फार काही न होता.

2019 च्या शेवटापासून घसरण सुरू झाली. आधी दमा. मग डोळ्यांमधला दाब. 2020 मध्ये स्टेरॉइडच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले. प्रत्येक कोर्सला वास आठवड्यात परत येई आणि संपल्यावर महिन्याभरात जाई. हे फार क्रूर असतं. माणसाला दर वेळी हरवलेली गोष्ट दाखवून काढून घेतल्यासारखं. बाई गोळ्या मागू लागल्या, आणि मला नाही म्हणावं लागे, कारण गोळ्यांच्या दिवसांत त्यांची साखर चढत होती, झोप उडत होती, आणि वय 50 झालेलं असताना हाडांचाही विचार होता. स्नॉट-22 चे गुण 46.

नव्या सी.टी. स्कॅनमध्ये हे प्रकरण सगळ्यांत स्पष्ट दिसतं. दोन्ही गालांचे सायनस काळे, म्हणजे हवेने भरलेले, स्वच्छ. नऊ वर्षांनंतर. जोडलेली छिद्रं उघडी होती. एथमॉइडचं छत सुजेने भरलेलं, वासाची फट बुजलेली, उजव्या कपाळाच्या सायनसची वाट अरुंद होऊन बंद. मी बाईंना 2011 चा आणि हा, असे दोन्ही स्कॅन शेजारी लावून दाखवले. वाहतुकीचा दोष गेला तो गेलाच होता. अस्तराचा आजार आपल्या मार्गाने चालत राहिला होता. "ऑपरेशन फसलं" किंवा "ऑपरेशन यशस्वी" यांतलं कुठलंही एक वाक्य या चित्राला लागू पडत नाही. मला तर वाटतं की दूरच्या निकालांचे आकडे मांडताना या दोन गोष्टींचा हिशेब वेगळा ठेवला तर निम्मे वाद मिटतील. अपुऱ्या ऑपरेशनमुळे आलेलं अपयश आणि चांगल्या ऑपरेशननंतरही परत आलेला आजार, दोन्ही आज "पुन्हा ऑपरेशन" या एकाच रकान्यात पडतात.

पर्याय दोन होते. एक, तिसरं ऑपरेशन: एथमॉइड पुन्हा साफ करणं आणि या वेळी कपाळाच्या सायनसचं तोंड रुंद करणं. दुसरा, जैविक औषध. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्युकिन-4 आणि 13 या दोन संदेशांची वाट अडवतं. इओसिनोफिलची सूज पेटवण्यात त्यांचा मोठा हात असतो. अमेरिकेत नाकातल्या पॉलिपसाठी त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. युरोपच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार, ऑपरेशन झालेल्या आणि दोन्ही बाजूंना पॉलिप असलेल्या रुग्णात पाचांपैकी तीन निकष लागत: इओसिनोफिलच्या सुजेचा पुरावा, वर्षाला स्टेरॉइडचे दोन कोर्स, स्नॉट-22 मध्ये 40 किंवा जास्त गुण, वास बराच गेलेला असणं, सोबत दमा. बाईंना पाचही लागू होते.

मी शल्यविशारद आहे आणि माझा हात साहजिकच पहिल्या पर्यायाकडे जातो. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, जी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, पॉलिपच्या रुग्णांत ऑपरेशन अधिक औषधं आणि नुसती औषधं यांची तुलना केली होती. वर्षाने ऑपरेशनचा गट पुढे होता, पण सरासरी 5 गुणांच्याच आसपास, जाणवण्याच्या मर्यादेच्या खाली. म्हणून ऑपरेशन निरर्थक, असं मी म्हणणार नाही. 61 वरून 18 वर आलेली बाई मी पाहिली आहे, आणि सरासरी तिच्याबद्दल काही सांगत नाही. पण ज्या नाकात आता अडथळा नाही, फक्त सूज आहे, तिथे पुन्हा सुरी चालवून मी काय बदलणार होते, याचं उत्तर मला स्वतःला पटेना. दमाही नाकाबरोबर वर आला होता. मी इंजेक्शन सुचवलं. ते महाग आहे, दर दोन आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम घ्यावं लागतं, आणि बंद केल्यावर पॉलिप परत वाढू लागल्याचं त्याच्या चाचण्यांतच दिसलं आहे. हे सगळं सांगून घरी विचार करायला पाठवलं. बाई महिन्याने हो म्हणाल्या.

2021 च्या सुरुवातीला पहिलं इंजेक्शन. चौथ्या आठवड्यात वास आला, आणि या वेळी गेला नाही. सहा महिन्यांनी गुण 15, आतापर्यंतचे सर्वांत कमी. डोळे लाल होण्याचा त्रास दोन महिने झाला, नेत्रतज्ज्ञांच्या थेंबांनी आवरला. स्टेरॉइडची गोळी त्यानंतर एकदाही लागली नाही. उजवा कपाळाचा सायनस पूर्ण उघडला नाही, त्यात थोडा स्राव दिसत राहिला, दुखत मात्र नव्हता, म्हणून त्याला हात लावला नाही. 2011 मध्ये ते तोंड रुंद केलं असतं तर? वण धरला असता का उघडं राहिलं असतं, हा प्रश्न त्या स्कॅनकडे पाहताना दर वेळी येतो.

2022 मध्ये इंजेक्शनचं अंतर दोनावरून चार आठवड्यांवर नेलं. औषधाच्या एका मोठ्या चाचणीतल्या एका गटाला पहिल्या 24 आठवड्यांनंतर असंच दिलं होतं, त्यामुळे पाऊल अंधारात नव्हतं. बाईंनी तेव्हा नाक धुणं थांबवू का असं विचारलं. मी नाही म्हणाले आणि कागदावर लिहून दिलं.

2023 मधली शेवटची नोंद अशी आहे. स्नॉट-22: 17. वास: बाटल्या झाकून घेतलेल्या चाचणीत 12 पैकी 10 ओळखले. दुर्बिणीत दोन्हीकडे पॉलिप नाहीत, डाव्या एथमॉइडच्या छताला किंचित सूज. उजव्या गालाच्या सायनसमध्ये 45 अंशांची दुर्बीण वळवून पाहिलं तर एक पातळ, पारदर्शक धागा तळातून वर चढत होता. तो जोडलेल्या छिद्राच्या कडेवरून बाहेर आला, मागे वळला आणि घशाकडे उतरला. बाईंनी पडद्याकडे बघायला मान वळवली, त्यामुळे चित्र हललं. मी दुर्बीण स्थिर धरली आणि त्यांचं बघून होईपर्यंत काढली नाही. पुढची भेट तीन महिन्यांनी आहे.